शाळा बंद, झेरॉक्स चालू: फुकटच्या गोष्टी छापून वाचायला देण्याचा अनुभव

करोनामुळे मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या. पाचवीतल्या मुलाचे वर्ग २७ जानेवारी २०२१ला सुरू झाले. तिसरीतली मुलगी तेव्हाही घरीच होती. आम्ही अमळनेर तालुक्यात, खेड्यात राहतो. गावात पुस्तकांचं दुकान नाही आणि शाळेतली पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती. त्यामुळे २०२०च्या पावसाळ्यापासून दोन फुकटच्या साइटींवर भागवायला लागलो: प्रथम बुक्सचं मुलांच्या गोष्टींचं स्टोरीविव्हर आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. दोन्हीकडे मराठीत भरपूर आहे. पण माझं मत एकच, मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, गोष्ट छापून द्या.

घरात फोन एक, तोही दिवसभर यांच्याबरोबर शेतात. संध्याकाळी मिळाला की पोरगी गोष्ट उघडते, चित्रं सरकवते, ‘झाली वाचून’ म्हणते आणि गेमकडे वळते. तीच गोष्ट कागदावर दिली तर शेवटपर्यंत वाचते.

छापायला अडचण काहीच नाही. स्टोरीविव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. लेखक-चित्रकारांची नावं ठेवून छापा, वाटा, चालतं. पीडीएफ उतरवायची आणि आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला गेलं की दुकानदाराला पाठपोट काढायला सांगायचं. गडद चित्रांच्या गोष्टी मात्र टाळा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये रात्रीचं आभाळ आणि त्यावरची अक्षरं सगळं एकच होतं. पांढऱ्या पानावर मजकूर असलेली गोष्ट निवडा. स्टेपलरची पिन निघते नि बोटाला लागते, म्हणून मी गोधडीच्या दोऱ्याने दोन टाके घालते.

स्टोरीविव्हरवर गोष्टींच्या वाचनपातळ्या चार आहेत. पहिली २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. तिसरीतल्या पोरीला तिसरी पातळी असं गणित लावू नका. आमची पोरगी त्या पातळीची गोष्ट अर्ध्यावर टाकते. दुसऱ्या पातळीची संपवते आणि लगेच ‘अजून आहे का?’ विचारते. मला तेच हवंय.

सगळ्यात जास्त वाचन झालं ते कापूस घरात आल्यावर. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत ढीग लावलेला. सासूबाई कडेला बसून पाल्याचा कचरा वेचायच्या, पोरगी ढिगावर पालथी पडून मोठ्याने वाचायची. सासूबाईंना अक्षरओळख नाही आणि पुस्तकी मराठीही सगळी कळत नाही. मध्येच हात थांबवून त्या विचारणार, ‘‘मंग काय व्हयनं?’’ मग पोरीला तो परिच्छेद अहिराणीत सांगावा लागतो. ज्या ओळी नुसत्याच म्हणून गेलेली असते तिथे ती अडकते, मागे जाते, पुन्हा वाचते. प्रश्नोत्तरांच्या वहीने हे काम मला कधी जमलं नसतं. (सगळ्या प्रतींना सरकीसकट कापूस चिकटलाय, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच.)

‘किशोर’ मुलाच्या वाट्याला. मासिक १९७१ पासूनचं, त्यामुळे अंकांचा खजिना मोठा. अख्खा अंक छापणं परवडत नाही. मी कोडी आणि एखादी विज्ञानाची पानं काढते. लांब कथा तो वाचत नाही, मीही मागे लागत नाही. नव्वदच्या दशकातला एक अंक यांनीच पळवला आणि रात्री जेवण होईपर्यंत सोडला नाही. बाप वाचताना दिसला तेव्हा पोरगाही शेजारी येऊन बसला. माझ्या सांगण्याने तो कधी असा बसलेला नाही.

शाळा बंद असताना शाळेच्या ग्रुपवर ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातली, दर शनिवारची गोष्टही यायची. चांगली असायची, शिवाय निवडायचा त्रास वाचायचा. ती मी पुढच्या बाजारी छापायच्या यादीत टाकायचे.

खर्च होतो, नाही असं नाही. म्हणून शेजारच्या दोन घरांशी अदलाबदल सुरू केली. परत येणाऱ्या प्रतींवर पेनाने मिश्या काढलेल्या असतात. शाईचा प्रिंटर घ्यावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. आमच्यासारखं महिन्याला थोडंच छापत असाल तर घेऊ नका. न वापरता पडून राहिला की शाई वाळते, आणि तालुक्याची चक्कर काही सुटत नाही.