ख्रिस्ती लाइफ कोचसाठी ऑनलाइन साधने : काय उपयोगी पडले, काय नाही

लाइफ कोचने, म्हणजे आयुष्यातील अडचणींतून आपली वाट शोधायला माणसाला सोबत करणाऱ्याने, प्रश्न विचारायचे असतात. आमच्यासाठी इंटरनेटवर जे विकायला ठेवलेले असते ती मात्र बहुतेक तयार उत्तरे असतात. इंदूरमध्ये मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, मराठी कुटुंबांबरोबर हे काम करताना मी बरीच संकेतस्थळे आणि ॲप वापरली, काहींवर पैसेही घालवले. त्यांपैकी जी आजही माझ्या फोनमध्ये टिकून आहेत त्यांच्याविषयी, आणि एका फसलेल्या खरेदीविषयी, येथे लिहीत आहे.

सर्वांत जास्त उपयोग मला ‘ब्लू लेटर बायबल’ या विनामूल्य संकेतस्थळाचा झाला. वचनातील कोणत्याही शब्दावरून मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्दापर्यंत जाता येते आणि तोच शब्द बायबलमध्ये आणखी कोठे आला आहे तेही दिसते. ही सोय १८९० साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँगच्या शब्दसूचीवर उभी आहे; तीत बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला आहे. रामबागेतील एक काकू मुलाच्या काळजीने रात्र-रात्र जागत असत आणि वर स्वतःलाच दोष देत की, काळजी करू नका असे शास्त्र सांगत असताना मी करते, म्हणजे माझा विश्वासच कमी. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहाव्या वचनात जे ग्रीक क्रियापद आहे, क्रमांक ३३०९, ‘मेरिम्नाओ’, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील विसाव्या वचनात तीमथ्य या सहकाऱ्याविषयी आले आहे, आणि तेथे पत्र लिहिणारा पौल ते कौतुकाने वापरतो. एकाच पत्रात एकच क्रियापद, एकदा मनाई म्हणून आणि एकदा शाबासकी म्हणून! मराठीला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपण काळजी करतोही आणि घेतोही. मी एवढेच विचारले, “काकू, यातली करायची काळजी कोणती आणि घ्यायची कोणती?” त्यांनी दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून मध्ये रेघ मारली. घ्यायच्या बाजूला दोनच गोष्टी आल्या : मुलाला रविवारी फोन, आणि स्वतःच्या रक्तदाबाची गोळी वेळेवर.

या संकेतस्थळाचे दोष दोन. सारा व्यवहार इंग्रजीतून चालतो, हा पहिला. दुसरा अधिक घातक आहे : एका शब्दापुढे अनेक अर्थ दिलेले असतात, आणि ग्रीक व्याकरण न शिकलेला माझ्यासारखा माणूस आपल्याला सोयीचा तेवढा अर्थ उचलू शकतो. म्हणून मी आधी मराठी भाषांतर वाचते, मगच तेथे जाते.

मराठी वाचनासाठी २००८ साली सुरू झालेले ‘यूव्हर्जन’ हे बायबलचे ॲप पुरेसे आहे. जाहिराती नाहीत, पैसे लागत नाहीत, आणि दोन-चार जणांना बरोबर घेऊन एखादी वाचनयोजना रोज पुढे नेता येते, त्यामुळे दोन बैठकींच्या मधल्या आठवड्यात धागा तुटत नाही. मराठी योजना मात्र इंग्रजीच्या मानाने फारच थोड्या आहेत. ‘बायबल गेटवे’ १९९३ पासूनचे जुने संकेतस्थळ; त्यावरील सोपी मराठी आवृत्ती तरुणांना बरी वाटते, पण जाहिराती मध्ये येतात. इंदूरची बरीच मुले मराठी बोलतात आणि हिंदी वाचतात. त्यांना मी ‘बायबलप्रोजेक्ट’चे बायबल समजावून सांगणारे हिंदी व्हिडिओ पाठवते.

कोचिंगची शिस्त शिकायची तर ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ या कोचच्या जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावरील आठ मूलभूत क्षमता आणि आचारसंहिता विनामूल्य वाचाव्यात. त्यांत ख्रिस्ताचे नाव नाही, तरीही ऐकून कसे घ्यावे आणि गुप्तता कशी पाळावी हे मी जितके तेथे शिकले तितके कोणत्याही भक्तिपर लेखात शिकले नाही. (मंडळीत गुप्तता ही अवघड बाब आहे; प्रार्थनेचा विषय म्हणून कोणाचे काय बाहेर पडेल, सांगता येत नाही.) या संस्थेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. ख्रिस्ती कोचिंग इतर कोचिंगहून वेगळे कोठे, याची मांडणी ‘ख्रिश्चन कोचेस नेटवर्क इंटरनॅशनल’ने केली आहे, तीही पाहण्यासारखी आहे.

हे तासांचे गणित मला आधी माहीत असते तर एका परदेशी संकेतस्थळाचा सहा आठवड्यांत ‘प्रमाणित ख्रिस्ती कोच’ करणारा अभ्यासक्रम मी घेतला नसता. पैसे डॉलरमध्ये भरले, त्यावर बँकेने परकीय चलनाचे शुल्क वेगळे कापले, आणि हाती आले ते आधी चित्रित केलेले व्हिडिओ व नाव घालून छापायचे प्रमाणपत्र. माझे एकही संभाषण कोणी ऐकले नाही, एकही चूक दाखवली नाही. परताव्यासाठी पाठवलेल्या तीन ई-मेलांना एकच यांत्रिक उत्तर आले.

शेवटचे साधन ख्रिस्ती नाही, सरकारी आहे. समोरच्याची झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल किंवा जगणे नको असे शब्द तोंडून येत असतील, तर ते काम कोचचे राहत नाही, आणि केवळ प्रार्थनेवर निभावण्याचेही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते. नव्या माणसाशी पहिली बैठक ठरली की मी हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोरच साठवायला लावते आणि मगच पहिला प्रश्न विचारते.