परदेशी विद्यार्थी घरी ठेवताना: वर्षभर की काही आठवडे?

रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात दोन मार्ग आहेत. दीर्घ मुदतीत विद्यार्थी पूर्ण शैक्षणिक वर्ष राहतो, पण बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत, पाळीपाळीने. अल्प मुदत काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतची असते आणि तिच्यात शाळेची सक्ती नसते.

अल्प मुदतीत मूल पाहुणाच राहते: सगळे त्याच्याभोवती फिरतात, तिखट वेगळे काढले जाते, सुट्ट्या त्याच्यासाठी घेतल्या जातात. दीर्घ मुदतीत हे चालत नाही, आणि माझ्या मते तिचे खरे मोल तिथेच आहे, कारण दुसऱ्या महिन्यापासून त्याला स्वतःचे ताट उचलावे लागते, घरी परतण्याची वेळ पाळावी लागते, आणि घरची आठवण येऊन ते गप्प बसले तर त्याच्याजवळ बसायला कुणीतरी मोठे माणूस घरी असावे लागते.

कागदपत्रांचे ओझेही सारखे नाही. परदेशी व्यक्ती घरी उतरल्यापासून २४ तासांत ऑनलाइन माहिती देणे दोन्हींत यजमानावर बंधनकारक आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर मात्र १४ दिवसांत स्वतंत्र नोंदणीही लागते.

दोघेही पालक दिवसभर बाहेर असतील किंवा घरात दहावी-बारावीचे वर्ष असेल, तर अल्प मुदतच घ्यावी. आजी-आजोबा घरी असलेल्या कुटुंबाने मात्र दीर्घ मुदतीचा विचार अवश्य करावा.