रब रेल बदलून घेताय? पट्टी बसण्याआधी आतला जोड स्वतः बघा

जुन्या फायबर बोटीच्या काठाची रब रेल, म्हणजे काठाभोवती फिरणारी धक्के झेलणारी पट्टी, बदलून घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. या कामात फसवणं फार सोपं आहे. कामाचा जो भाग महत्त्वाचा असतो तो सगळा पट्टीखाली जातो, आणि पट्टी एकदा आवळली की तो मालकालाही दिसत नाही आणि सर्व्हेला येणाऱ्यालाही दिसत नाही. माझी बोट वीस फुटी, २००६ सालची, गोव्यातून जुनी घेतलेली. मालवणात पर्यटकांना फिरवायला ती वापरतो. तिच्यात लोकांची लहान मुलं बसतात, म्हणून ही गोष्ट मला नुसत्या पैशांची वाटत नाही.

रेल कशासाठी असते ते आधी सांगतो. जेट्टीला बोट घासली तर मार पट्टीने झेलावा, एवढंच तिचं काम असं पुष्कळांना वाटतं. पण माझ्यासारख्या बोटीत खालचा हल, म्हणजे बोटीचा पाण्यातला भाग, आणि वरचं डेक वेगवेगळ्या साच्यांतून निघतं. डब्यावर झाकण बसावं तसं डेक हलवर बसतं. त्या जोडात सीलंट, म्हणजे फट बुजवून पाणी अडवणारा चिकट मसाला, भरतात, स्क्रूने किंवा रिव्हेटने तो आवळतात आणि वरून रेल फिरवतात. कित्येक बोटींत रेलचेच स्क्रू हा जोड धरून ठेवायला मदत करतात. पंधरा-वीस वर्षं ऊन खाल्लं की पट्टी पिवळी पडते, तडकते, आतलं सीलंट वाळतं, आणि समोरून लाट आली की पाणी जोडातून आत शिरतं. माझ्या बोटीचं तेच झालं होतं. म्हणून पावसाळ्यात बोट वर ओढली तेव्हा हे काम काढलं.

फिटर बाहेरगावचा, किनाऱ्यावर फिरून कामं घेणारा. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बोलायला अतिशय गोड. काय काय करायचं ते मी कागदावर लिहून त्याची सही घेतली होती: जुनी भोकं जाड केलेल्या इपॉक्सीने बुजवायची, नवीन भोकं बाजूला पाडायची, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, सीलंट मरीन पॉलियुरेथेन, आणि पट्टी बंद करण्याआधी जोड दाखवायचा. ठरले ७८,००० रुपये. त्यातले ५०,००० सामानासाठी आगाऊ दिले.

स्क्रू आणले त्या दिवशी त्याने खिशातून चुंबक काढला. ‘बघा दादा, चिकटत नाही. अस्सल ३१६.’ हा प्रयोग किनाऱ्यावर सगळीकडे चालतो आणि लोक तो पाहून निर्धास्त होतात. पण २०२, ३०४ आणि ३१६ ही तिन्ही स्टेनलेस एकाच जातीची. चुंबक साधारणपणे कुणालाच धरत नाही, आणि थंड ठोकून बनवलेल्या चांगल्या स्क्रूला कधी कधी थोडा धरतोसुद्धा. फरक असतो तो आतल्या धातूंचा. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे टिकायला तेच उपयोगी पडतं. २०२ मध्ये मॉलिब्डेनम घालत नाहीत, महागडं निकेलही कमी करून त्याजागी मँगनीज घालतात. किचनच्या रॅकला ते चालेल, समुद्रात नाही. त्यातून रेलखाली ओल साचून राहते आणि हवा पोचत नाही. अशा जागी हलकं स्टेनलेस फार लवकर खड्डे पडून खाल्लं जातं.

सीलंटच्या सीलबंद नळ्याही त्याने दाखवल्या. मी त्यांचा फोटो काढून ठेवला. हा फोटो पुढे फार कामी आला.

मग सुरू झाली मला दूर ठेवण्याची तयारी. ‘फायबरच्या धुळीने अंग खाजतं, तुम्ही इथे उभे राहू नका.’ धूळ खाजवते हे खरंच आहे, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. काम बहुतेक रात्री चाले, कारण दिवसा म्हणे दुसरीकडचं काम होतं. एका सकाळी जाऊन बघतो तर रेल पूर्ण बसलेली. जोड दाखवायचा ठरला होता, त्याचं काय? ‘रात्री पावसाचा रंग दिसत होता, जोड उघडा कसा ठेवणार? फोटो पाठवलेत बघा.’ व्हॉट्सॲपवर खरोखरच फोटो होते. स्वच्छ घासलेला जोड, सीलंटची सलग रेघ, बुजवलेली भोकं. बाहेरून रेल अशी सरळ आणि चकचकीत बसली होती की येणारा-जाणारा कौतुक करत होता. उरलेले पैसे घेऊन तो गेला.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, सप्टेंबरात बोट पाण्यात गेली. दिवाळीच्या आधीच रेलखालून पांढऱ्या रंगावर तांबूस ओघळ उतरू लागले. पाठोपाठ तळातला पंप पुन्हा पुन्हा चालू व्हायला लागला. बोट किनाऱ्यावर घेतली आणि देवबागच्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी मागच्या कोपऱ्यातले चार स्क्रू काढले, पट्टी उचलली आणि आतली पांढरी रेघ अंगठ्याने ओढली. ती अख्खी फीत होऊन हातात आली. ‘रे, ह्यां सिलिकॉन आसा. नखान सुटता बघ.’

पॉलियुरेथेन असं निघत नाही, सुरीने कापावं लागतं. हे बाथरूमच्या टाइल्सला लावतात ते स्वस्त सिलिकॉन होतं. लावताना त्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो. शेजारच्या मांडवातल्या पोराला तो वास आठवत होता. फिटरने मागे टाकलेल्या रिकाम्या नळ्या माझ्याकडे होत्या. त्यांच्यावरचा बॅच नंबर आणि मी काढलेल्या फोटोतला बॅच नंबर वेगळा निघाला. म्हणजे माझ्या पैशांनी आणलेल्या नळ्या दुसरीकडे गेल्या आणि मला कुठल्यातरी जुन्या रिकाम्या नळ्या दाखवल्या.

त्यापुढचं बघून माझे हातपाय गार पडले. वीस फुटी बोटीला रेल फिरते साधारण पन्नास फूट. दर सहा इंचांवर एक धरला तर शंभरच्या आसपास स्क्रू होतात. त्यातल्या बऱ्याच स्क्रूंना आत पकडच नव्हती. जुनीच भोकं वापरली होती. ढिली झालेल्या भोकांत आगपेटीच्या काड्या कोंबून त्यात स्क्रू पिळले होते, वरून गाड्यांच्या डेंटिंगची पुट्टी. ही पुट्टी ओल शोषते, लाकडाची काडी कुजते. पुढच्या बाजूला, जिथे लाट थेट आपटते, तिथे डेक हलपासून इतकं सुटलं होतं की पट्टी काढल्यावर जोडात हॅक्सॉचं पातं सहज आत जात होतं. आणि अशा बोटीतून माणसं खुल्या समुद्रात जात होती. ज्याने ते बुजवून वर नवी पट्टी चढवली, त्याला हे सगळं माहीत होतं. पैशांसाठी केलेली फसवणूक मी कदाचित विसरेन, हे नाही विसरता येत.

ते व्हॉट्सॲपचे फोटो मग मोठे करून पाहिले. फोटोतल्या डेकची कड गोल आहे, माझ्या बोटीची काटकोनी. दुसऱ्याच बोटीचे फोटो होते ते.

दुरुस्ती मूळ कामापेक्षा महाग पडली, कारण सिलिकॉनचा नुसता पुसट थर राहिला तरी त्यावर दुसरं सीलंट धरत नाही, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, तोही धरत नाही. तात्यांनी पूर्ण कड घासून काढली, सगळी भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली आणि नवी पाडली. सीझनचे ऐन दिवस बोट जमिनीवर राहिली.

तुम्ही हे काम देणार असाल तर सामान स्वतः विकत घ्या आणि पक्कं बिल घ्या. स्क्रूच्या डोक्यावर ए४ अशी खूण असेल तर तो ३१६ च्या वर्गातला, ए२ म्हणजे ३०४ चा. मोठ्या खरेदीआधी मॉलिब्डेनम तपासायचं द्रावण वापरा. एक थेंब टाकून छोट्या सेलची तार टेकवली की मॉलिब्डेनम असल्यास रंग बदलतो. माझ्या स्क्रूंवर रंग बदलला नाही. फोटोवर भागवू नका. जोड उघडा असताना स्वतः जा, त्याच्या शेजारी मार्करने बोटीचा नोंदणी क्रमांक लिहा आणि तुम्हीच फोटो काढा. सीलंट भरताना तिथे थांबा, धूळ तेव्हा नसते. मजुरीची मोठी रक्कम जोड पाहिल्यावरच द्या. आणि जो कारागीर पट्टी रात्रीतून बंद करतो, त्याला सकाळी ती पुन्हा उघडायला लावा, मग तो कितीही रागावो.

धंद्याची बोट आहे म्हणून ग्राहक कायदा लागू होत नाही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून बोट चालवत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहक ठरू शकता. फिटर कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. मी सही असलेला कागद, नळ्यांचे दोन्ही बॅच नंबर, काढलेले स्क्रू आणि तात्यांचा लेखी जबाब जोडून तक्रार दिली आहे. फिटरचा फोन आता लागत नाही, आणि तो अजून किनाऱ्यावर कामं घेतो आहे असं ऐकतो.

गेल्या पावसाळ्यात बाहेरच्या माणसाकडून रेल बदलून घेतली असेल, तर पर्यटक बसवण्याआधी मागच्या आणि पुढच्या टोकाचे दोन-दोन स्क्रू काढा, पट्टी थोडी उचला आणि आतली रेघ नखाने ओढून बघा.