शेतकरी अपघात अनुदान, वीस रुपयांचा विमा आणि मोटार अपघात न्यायाधिकरण : एका कुटुंबाचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये, साखर कारखान्यांचा हंगाम भरात असताना, माझे धाकटे काका रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलने शेतावरून घरी परतत होते. टायर फुटल्यामुळे रस्त्यावरच सोडून दिलेल्या, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच ते गेले. त्यांचे वय ४७ होते. मागे काकू, शिकणारी दोन मुले आणि आजी आहेत. घरात कागदपत्रांची सवय असलेला मी एकटाच असल्यामुळे पुढची सगळी धावपळ माझ्याकडे आली. त्यात ज्या सेवांशी संबंध आला, त्यांच्याविषयीचा हा अभिप्राय आहे.

सर्वात आधी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेविषयी लिहितो, कारण ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांना हाच पहिला आधार असतो. २०१५-१६ पासून ही योजना विमा कंपनीमार्फत चालत असे. सरकार हप्ता भरी, दावा कंपनीकडे जाई आणि किरकोळ त्रुटींवर प्रस्ताव परत येत. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी मधून काढली गेली आणि आता अनुदान राज्य शासन थेट देते. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे अशी आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर, नाव नसलेल्या कुटुंबातील एका सदस्यालाही संरक्षण आहे, आणि शेतकऱ्याला यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही. रस्ता अपघातच नव्हे, तर सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, झाडावरून पडणे, विहिरीत बुडणे हेही तीत येते. कागदावर योजना उदार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण आहे ती मुदतीची. अर्ज अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. या तीस दिवसांपैकी तेरा दिवस सुतकात जातात, पुढचा आठवडा घरातील बाईमाणसाला कोणी काही विचारू धजत नाही, आणि उरलेल्या दहा दिवसांत सातबारा, मृत्यूचा दाखला, गाव नमुना सहा-क प्रमाणे वारसाची नोंद, प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वयाचा पुरावा एवढे सगळे गोळा करायचे असते. मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असेल, तर तिचा वैध वाहन परवानाही लागतो. काकांचा परवाना त्यांच्या पाकिटात होता आणि पाकीट पोलिसांकडे मुद्देमालात जमा होते. ठाण्यात रीतसर अर्ज दिल्यावर ते टेबलावर उघडण्यात आले, तेव्हा परवान्याबरोबर कारखान्याची तोडीची चिठ्ठी, दूध संस्थेच्या दोन पावत्या आणि दहाची एक नोट निघाली. हवालदारांनी परवान्याची झेरॉक्स काढून दिली आणि बाकीच्या वस्तूंची यादी करून त्याखाली माझी सही घेतली. दूध संस्थेच्या त्या पावत्या पुढे किती उपयोगी पडणार आहेत, हे त्या दिवशी माझ्या ध्यानातही आले नाही.

आमचा अर्ज सव्विसाव्या दिवशी दाखल झाला आणि त्यानंतर दहाव्या दिवशी त्रुटी काढून परत आला. सातबाऱ्यावर काकांचे नाव घरात हाक मारायचे, तर आधारवर शाळेतले, एवढाच तो दोष. तालुक्याच्या कार्यालयातील लिपिकाने, ‘दोन्ही माणसे एकच कशावरून?’ असे विचारले. प्रश्न नियमाला धरून होता, परंतु ज्या गावात या माणसाला चार पिढ्यांसकट सगळे ओळखतात, त्या गावाजवळच्या कार्यालयात तो ऐकताना अंगावर काटा आला. शेवटी प्रतिज्ञापत्र, तलाठ्यांचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडून प्रकरण पुढे सरकले. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते. पाटी बदलली, गावात मात्र ते तलाठीच आहेत.) तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रस्ताव मंजूर केल्यानंतर निधी येण्याची वाट पाहण्यात आणखी काही महिने गेले आणि अपघातानंतर नवव्या महिन्यात पैसे काकूंच्या खात्यावर थेट जमा झाले. कोणी टक्का मागितला नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो. गावातील कृषी सहायक दोनदा स्वतः घरी येऊन गेले, हेही. या योजनेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन आणि कापलेला दीड गुण मुदतीच्या आणि नावाच्या नावावर टाकीन.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि तेच तिचे कौतुक आहे. वर्षाला २० रुपये (जून २०२२ पूर्वी १२ रुपये) बँक खात्यातून आपोआप कापले जातात, संरक्षण १ जून ते ३१ मे असे असते, वय १८ ते ७० चालते आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. काकांनी ही योजना घेतल्याचे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. बँकेच्या शाखेत पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘असे काही नोंदलेले दिसत नाही’ असे उत्तर मिळाले. घरी येऊन पासबुक भरून आणले, तर दूध संस्थेच्या जमांच्या रांगेत मे २०२३ च्या अखेरीस वीस रुपयांची एकच वजावट अगदी स्पष्ट दिसत होती. ती ओळ पेनाने अधोरेखित करून पुन्हा गेल्यावर दाव्याचा फॉर्म मिळाला. नामनिर्देशन काकूंच्या नावे असल्याने वारसाचा प्रश्न उद्भवला नाही आणि अडीच महिन्यांत रक्कम जमा झाली. घरात कोणाचा अपघाती मृत्यू झाला असेल, तर त्या व्यक्तीची सर्व पासबुके आधी भरून घ्यावीत आणि मे-जूनमधील नोंदी बोट ठेवून वाचाव्यात, एवढे मी आग्रहाने सांगेन.

याच ठिकाणी एका बंद राहिलेल्या दाराचाही उल्लेख करायला हवा. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते आणि २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. गाडी स्वतःच्या नावावर, परवाना वैध आणि हे संरक्षण घेतलेले असेल, तर चूक कोणाची हा प्रश्न न विचारता ही रक्कम वारसांना मिळते. काकांची गाडी त्यांच्या नावावर होती, परवाना वैध होता, विमाही चालू होता. पण नूतनीकरणाच्या वेळी काही शे रुपये वाचवण्यासाठी एजंटाने हा भाग वगळला होता, आणि पॉलिसीच्या कागदावर त्या रकान्यात शून्य छापलेले होते. तो कागद मी काकूंना दाखवलेला नाही.

आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायालय. वरच्या दोन्ही योजना मृत्यू अपघाताने झाला का, एवढेच विचारतात; न्यायाधिकरणात मात्र चूक कोणाची हाच मुख्य प्रश्न असतो. त्यामुळे तेच पंचनामे आणि तोच खबरी अहवाल येथे वेगळ्याच नजरेने वाचला जातो. आमच्या प्रकरणात पहिली खबर एका वाटसरूने दिली आणि ती ‘मोटारसायकलस्वाराने उभ्या ट्रॉलीस पाठीमागून जोराची धडक दिली’ अशी लिहिली गेली. वाक्य खोटे नाही. पण या एका ओळीवर ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी मृताचाही निष्काळजीपणा होता असा आपला सगळा बचाव उभा केला आहे. आमची बाजू तरली आहे ती घटनास्थळाच्या पंचनाम्यातील एका वाक्यावर, आणि तेही माझ्या एकोणीस वर्षांच्या चुलत भावामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा चालू असताना तो तेथे उभा होता आणि ‘मागे रिफ्लेक्टर नाही, तेवढे लिहा’ असे त्याने हवालदारांना दोनदा सांगितले. वडिलांचे अंत्यसंस्कार व्हायचे असताना त्याला हे कसे सुचले, हे मला अजूनही उमगलेले नाही. ट्रॅक्टरचालकावर गुन्हा नंतर दाखल झाला.

मोटार वाहन कायद्यातील एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. पूर्वी अशी मुदत नव्हती, त्यामुळे ‘सावकाश करू’ हा गावातील जुना सल्ला आता घातक आहे. दावा अपघात झाला तेथेच नव्हे, तर वारस राहतात तेथील न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. त्याच दुरुस्तीने कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख रुपयांची तरतूद केली आहे, आणि धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर २ लाखांची. आम्ही चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा मार्ग घेतला, कारण हिशेब करून पाहिल्यावर फरक मोठा दिसला.

तो हिशेब येथे मांडतो, कारण वकिलांकडे जाण्यापूर्वी तो घरी करता यायला हवा. काकांचे उत्पन्न महिना १२,००० रुपये धरले, तर वर्षाचे १,४४,००० होते. स्वतःचा व्यवसाय असलेल्या ४० ते ५० वयाच्या व्यक्तीसाठी भविष्यातील वाढ म्हणून त्यात २५ टक्के मिळवायचे, म्हणजे १,८०,०००. अवलंबून असणारी माणसे चार असल्यामुळे मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे, म्हणजे १,३५,०००. ४६ ते ५० या वयोगटाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा) १३, त्यामुळे रक्कम होते १७,५५,०००. सहजीवनाची हानी, मालमत्तेची हानी आणि अंत्यविधीचा खर्च या सदरांखालील रकमा वेगळ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० ठरवून दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ सांगितली आहे. मृताचा निष्काळजीपणा ३० टक्के धरला गेला, तर १७,५५,००० चे १२,२८,५०० होतात. पंचनाम्यातील एका वाक्याची किंमत या हिशेबात रुपयांत दिसते.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक युक्तिवाद हमखास येतो, तो म्हणजे ‘जमीन तर वारसांकडेच आहे, मग नुकसान कशाचे?’ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच म्हटले आहे की जमीन वारसांकडे राहत असल्याने शेतीच्या उत्पन्नाला नेहमीचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु शेती पाहण्यासाठी माणूस लावावा लागतो, हेही विचारात घ्यावे लागते. म्हणूनच उसाच्या बिलापेक्षा दुधाच्या पावत्या आम्हाला जास्त कामाला आल्या. ऊस उभा राहतो, पण पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस गेला की चार म्हशींपैकी दोन विकाव्या लागतात, आणि त्या आम्ही विकल्या. विक्रीची पावतीही दाव्यात जोडली आहे.

वकिलांविषयी एवढेच लिहितो की रुग्णालयाच्या आवारातच भेटलेल्या गृहस्थाने ‘आधी काही द्यायचे नाही, मिळाल्यावर तीस टक्के’ असा प्रस्ताव ठेवला होता. निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि त्या गृहस्थांकडे वकिलीची सनद होती की नव्हती, हेही कळले नाही. आम्ही तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ठरावीक फी सांगितली आणि पहिल्याच भेटीत वरचा हिशेब वहीच्या पानावर मांडून दाखवला.

दावा जून २०२४ मध्ये दाखल झाला असून अजून चालू आहे. तारखा पडतात, कधी विमा कंपनीचे वकील नसतात, कधी साक्षीदार असतो पण वेळ संपतो. दिवाणखान्यात बसून ‘न्यायाला उशीर’ म्हणणे सोपे असते. प्रत्येक तारखेला म्हशींची धार आटोपून, एसटीने चाळीस किलोमीटर जाऊन, बाकावर चार तास बसून परत येणाऱ्या काकूंना तो उशीर पायांत जाणवतो. व्याज मात्र दाव्याच्या तारखेपासून मिळू शकते, हे वकीलबाईंनी त्यांना समजावून सांगितल्यापासून त्या घाई करत नाहीत. मागील लोकअदालतीत कंपनीने आठ लाखांवर मिटवण्याची तयारी दाखवली. लोकअदालतीतील तडजोडीवर अपील नसते, त्यामुळे सही करण्यापूर्वी आम्ही आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि घरी येऊन वहीचे ते पान पुन्हा काढले. काकूंनी १२,२८,५०० हा आकडा पाहिला, आठ लाख त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले आणि वजाबाकी करून वही मिटली. पुढची तारीख पुढील महिन्याच्या ११ ला आहे. न्यायाधिकरणाला किती गुण द्यायचे, हे मी तोपर्यंत राखून ठेवतो.