बेसमेंट धरून २,४५० फूट: अमेरिकेत घर घेताना होणारी क्षेत्रफळाची फसवणूक

लिस्टिंगवर, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, घर २,४५० चौरस फुटांचं होतं आणि मागणी ४ लाख ९० हजार डॉलर, म्हणजे फुटाला २००. एजंटने सोबत तीन विक्र्यांची तुलना जोडलेली. तिन्ही घरं २,४०० फुटांच्या आसपासची, साधारण याच किमतीला गेलेली. घेणाऱ्या कुटुंबाचं डाउन पेमेंट भरभक्कम असल्याने कर्ज देणाऱ्या लेंडरने अप्रेझल (घराच्या किमतीचं स्वतंत्र मूल्यांकन) माफ केलं, आणि फी वाचली म्हणून कोणी हरकतही घेतली नाही. पुढे रिफायनान्सच्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घेण्याच्या वेळी अप्रेझर (मूल्यांकन करणारा) टेप घेऊन आला तेव्हा घर भरलं १,७२० फूट. बाकीच्यातलं ५६० फूट बेसमेंट होतं आणि १७० फूट म्हणजे मागचा पोर्च, काचा लावून बंद केलेला. तुलनेतल्या घरांचे २,४०० फूट मात्र पूर्णपणे जमिनीवरचे होते, बेसमेंट त्याहून वेगळी. म्हणजे या कुटुंबाने जमिनीवरच्या फुटाला २८५ डॉलर मोजले होते.

या प्रकारात सही खोटी नसते, कागद बनावट नसतो. फुटांच्या दोन वेगळ्या व्याख्या शेजारी-शेजारी ठेवल्या की काम होतं. म्हणून आधी व्याख्या.

अप्रेझर ज्याला ग्रॉस लिव्हिंग एरिया (जमिनीवरचं राहण्याजोगं क्षेत्रफळ) म्हणतात, तो मोजण्याचं प्रमाण म्हणजे एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेचं झेड ७६५. लेंडरांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून, अप्रेझर प्रत्यक्ष घरात जाऊन पाहणी करतो त्या अप्रेझलसाठी ते सक्तीचं केलं. स्वतंत्र घर बाहेरच्या भिंतीवरून मोजायचं. मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीखाली असला तरी तो अख्खा मजला बेसमेंट. मागच्या दारातून थेट अंगणात उतरता येतं, खिडक्या मोठ्या आहेत, आत बार केलाय, तरी बेसमेंटच. छत किमान ७ फूट हवं. उतरत्या छताच्या खोलीत निम्मी जागा तरी ७ फुटांची हवी, आणि ५ फुटांखालची जागा सोडून द्यायची. गॅरेज नाही. गरम न होणारा पोर्च नाही. दिवाणखान्याचं छत दोन मजली उंच असेल तर वरच्या मजल्यावरची ती पोकळी मोजायची नाही; विक्रेत्यांच्या आकड्यात ती सर्रास दोनदा येते. बेसमेंटला किंमत असते, पण ती अप्रेझलमधल्या तुलनेच्या तक्त्यात वेगळ्या ओळीवर आणि सहसा कमी दराने धरली जाते.

खरी गोम कॉम्प्समध्ये, म्हणजे तुलनेच्या घरांत आहे. कर्ज ज्या घरावर आहे ते अप्रेझर स्वतः मोजतो. कॉम्प्समध्ये तो पाऊल ठेवत नाही. लोक तिथे राहायला आलेले असतात. त्यांचं क्षेत्रफळ तो कागदांवरून ताडून बघतो, आणि हे ताडणं किती कसून झालं यावर अप्रेझलची अब्रू असते.

चांगला अप्रेझर सुरुवात काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) नोंदीपासून करतो, पण नुसता आकडा उचलत नाही. बऱ्याच काउंटी घराचं रेखाचित्र लांबी-रुंदीसह ठेवतात. त्यावरून तो स्वतः गुणाकार करतो, कारण बेसमेंट एकूण बेरजेत मिसळलंय का ते तिथेच कळतं. काही ठिकाणी दीड मजली घराचा वरचा भाग न मोजता तळमजल्याच्या ठरावीक टक्क्याने धरलेला असतो. मग एमएलएसची, म्हणजे एजंटांच्या सामायिक लिस्टिंग-यादीतली नोंद. तिथे क्षेत्रफळाचा स्रोत लिहायचा रकाना बहुतेकदा असतो: काउंटी, बिल्डर, अप्रेझल की विक्रेता. ‘विक्रेता’ असं दिसलं की कान टवकारावेत. त्याच घराच्या जुन्या लिस्टिंगही बघायच्या. घर मागच्या विक्रीत १,७०० आणि आता २,१०० असेल तर मधले ४०० फूट बांधल्याचं परमिट कुठे आहे? एकाच बिल्डरने उभारलेल्या वसाहतीत तोच नकाशा दहा घरांना असतो, तिथे पडताळणी सोपी. जुन्या वस्तीत अप्रेझरच्या स्वतःच्या फायली कामाला येतात. आजचा कॉम्प त्याने पूर्वी कधी मोजलेला असू शकतो. शेवटी लिस्टिंग एजंटला फोन, आणि प्रश्न नेमका: “तुमच्या आकड्यात जमिनीखालचं काही आहे का?” ‘साइझ बरोबर आहे ना’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

हवाई छायाचित्रावरून मोजणारी साधनं सोयीची आहेत, पण ती छप्पर मोजतात, भिंत नाही. तळ ४० बाय ३० असेल तर १,२०० फूट. छपराच्या कडा चारी बाजूंनी दीड फूट पुढे आल्या असतील तर चित्रात ४३ बाय ३३ दिसतं, म्हणजे १,४१९. दुमजली घर म्हणून दुप्पट केलं की ४३८ फूट हवेतून आले!

फसवणुकीची दुसरी बाजू फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. विकायचं घर फुगवण्याऐवजी कॉम्प बारीक केला तरी परिणाम तोच. समजा, २,१०० फुटांचं घर विकलं गेलं, पण त्यातली ४०० फुटांची वाढीव खोली काउंटीच्या नोंदीत कधी चढलीच नाही. तक्त्यात ते १,७०० म्हणून येतं आणि तुमच्या १,७२० शेजारी जुळ्यासारखं शोभतं. फरकाला फुटामागे ९० डॉलर धरले, तर मोठ्या कॉम्पच्या किमतीतून व्हायला हवी ती ३६ हजार डॉलरची वजावट जागच्या जागी गायब होते. इथे अप्रेझर लबाड असायलाच हवा असं नाही. घाईत काउंटीचा आकडा चिकटवला तरी पुरतं. ‘फुटाला इतके डॉलर’ हा भाव बाकीच्या कॉम्प्सपेक्षा एकाच घरात उठून दिसत असेल, तर भाव नव्हे, आधी फूट तपासा.

अप्रेझल माफ होत असलं तरी सौद्यातल्या तपासणीच्या मुदतीत घर मोजून घ्या. होम इन्स्पेक्टर छप्पर, वायरिंग, पाइप बघतो; क्षेत्रफळ मोजणं त्याच्या कामात येत नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. नुसतं मोजमाप करून देणारे अप्रेझर बऱ्याच ठिकाणी मिळतात. स्वतः मोजायचं असेल तर दोन माणसं आणि १०० फुटी टेप पुरते. प्रत्येक बाहेरची भिंत मोजा, समोरच्या तुकड्यांची बेरीज मागच्या बेरजेशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर एखादा कोपरा सुटलाय. मग आकृतीचे आयत पाडा. वरचा मजला आतून मोजून बाहेरच्या प्रत्येक भिंतीमागे साधारण अर्धा फूट वाढवा, विटांची भिंत असेल तर जास्त. तुमचं उत्तर दहा-वीस फुटांनी चुकेल, पण ७३० फुटांनी नाही. लिस्टिंगच्या तळाशी बारीक अक्षरात ‘खरेदीदाराने माहिती स्वतः पडताळावी’ असं छापलेलं असतं. सौदा झाल्यावर भांडायला गेलात तर तीच ओळ तुमच्यापुढे धरली जाते.

अप्रेझल झालं असेल तर ते मागून वाचा. घरावरच्या पहिल्या कर्जासाठी झालेल्या मूल्यांकनाची प्रत लेंडरने ते पूर्ण होताच, किंवा उशिरात उशिरा क्लोजिंगच्या (सौदा पूर्ण होण्याच्या) तीन कामकाजी दिवस आधी द्यायची असते. तुम्ही ती मुदत लेखी सोडून दिली असेल तर प्रत क्लोजिंगच्या वेळीही येऊ शकते, म्हणून अशा कागदावर सही करू नका. तक्त्यात प्रत्येक कॉम्पखाली माहितीचा स्रोत आणि पडताळणीचा स्रोत यांच्या वेगळ्या नोंदी असतात. दोन्हीकडे फक्त एमएलएस असेल तर पडताळणी झालेलीच नाही, एकच कागद दोनदा वाचलाय. बेसमेंटची ओळ प्रत्येक कॉम्पला भरलीय का, तेही बघा.

चूक सापडली तर अप्रेझरला थेट फोन करू नका. लेंडरकडे मूल्याच्या फेरविचाराचा अर्ज द्या. ‘किंमत जास्त वाटते’ या वाक्याचा उपयोग शून्य. कोणता कॉम्प, अहवालात किती फूट, काउंटीच्या रेखाचित्रात किती, परमिट कोणत्या वर्षीचं, हे एका पानात लिहा आणि रेखाचित्राची प्रत जोडा. याहून चांगला कॉम्प सुचवत असाल तर त्याची विक्रीची तारीख आणि क्षेत्रफळाचा स्रोतही द्या. तो आकडा फक्त लिस्टिंगवरून उचललेला असेल तर तुमच्या अर्जालाही तीच शंका लागू होते.