राज्याचा टॅक्स रिफंड: स्टँडर्ड, आयटमाइझ की सेल्स टॅक्स?

जानेवारी संपत आला की अमेरिकेत राज्याच्या कर खात्याचा १०९९-जी फॉर्म येतो. त्याच्या दुसऱ्या रकान्यात गेल्या वर्षी मिळालेला रिफंड असतो आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो: हे आता फेडरल (केंद्राच्या) रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं का? उत्तर शोधायला जुनं रिटर्न काढावं लागतं. ज्या वर्षाचा कर परत आला, त्या वर्षी तो वजावटीत घेतल्यामुळे फेडरल कर जेवढ्या रकमेवर वाचला असेल, तेवढाच रिफंड करपात्र. म्हणजे खरी निवड तुम्ही आज भरताय त्या रिटर्नवर होते, परिणाम पुढच्या वर्षी दिसतो.

स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरकारने ठरवून दिलेली सरसकट वजावट, घेतलं तर विषयच मिटला. पुढच्या वर्षीचा रिफंड कितीही मोठा असो, फेडरल रिटर्नला जोडायच्या शेड्यूल १ च्या पहिल्या ओळीत काही लिहायचं नाही. राज्याने उशिराबद्दल व्याज दिलं असेल, तर तेवढं मात्र करपात्र.

आयटमाइझ करणाऱ्यांसाठी, म्हणजे खर्च एकेक मांडून वजावट घेणाऱ्यांसाठी, मात्र २०२५ पासून गणित बदललंय. न्यू जर्सीतलं एक जोडपं धरू: मॉर्गेजचं व्याज २१,५०० डॉलर, पगारातून कापलेला राज्याचा आयकर ७,०००, प्रॉपर्टी टॅक्स ६,०००. २०२४ मध्ये राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला १०,००० ची मर्यादा होती, त्यामुळे १३,००० पैकी ३,००० वायाच गेले. राज्याकडून १,२०० परत आले तरी ते त्या वाया गेलेल्या रकमेतलेच. करपात्र काहीच नाही.

२०२५ साठी ही मर्यादा ४०,००० झाली (उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की ती कमी होत जाते). त्याच जोडप्याची वजावट आता ३४,५००, म्हणजे ३१,५०० च्या स्टँडर्डपेक्षा ३,००० जास्त. आता २०२६ मध्ये आलेले १,२०० पूर्ण करपात्र. २२ टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर कर २६४ डॉलर. हे ऐकून स्टँडर्डकडे वळू नका. त्या ३,००० वर ६६० डॉलर आधीच वाचलेत, म्हणजे ३९६ खिशात राहतातच. शिवाय आयटमाइझ केलेली रक्कम स्टँडर्डपेक्षा फक्त ८०० ने जास्त असती, तर १,२०० पैकी ८०० च करपात्र धरले असते. बरेच जण १०९९-जी वरचा आकडा डोळे झाकून उतरवतात आणि विनाकारण जास्त कर भरतात. शेड्यूल १ च्या सूचनांमध्ये यासाठी वर्कशीट आहे, ती भरा.

तिसरा पर्याय फारसा कोणी पाहत नाही: आयटमाइझ करताना राज्याच्या आयकराऐवजी सेल्स टॅक्स घ्यायचा. मग आयकराचा रिफंड करपात्र ठरत नाही. वरच्या जोडप्याला याचा उपयोग नाही, त्यांचा आयकर खूप मोठा आहे. पण वर्षातले थोडेच महिने आयकर असलेल्या राज्यात काढले आणि त्याच वर्षी गाडी घेतली, तर दोन्ही आकडे जवळ येतात. समजा आयकर २,०००, सेल्स टॅक्स १,७०० आणि रिफंड ६००. आयकर निवडला तरी करपात्र रिफंड दोन्हींतल्या फरकाएवढाच, म्हणजे ३००. शेवटी वजावट १,७०० वरच येते, फक्त एक वर्ष फिरून. अशा वेळी मी तरी सेल्स टॅक्स घेईन. पुढच्या वर्षीची कटकट वाचते.

ऑक्टोबरमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पहिल्यांदाच आलेल्यांना मात्र त्या वर्षापुरती सहसा निवडच नसते. ते करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी), म्हणून अनिवासींचा १०४०-एनआर फॉर्म भरतात आणि त्यावर स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. कापलेला राज्याचा कर वजावटीत जातो, म्हणून पुढच्या वर्षीचा रिफंड सहसा पूर्ण करपात्र. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड घेता येतं. त्यांनी ते घेतलं असेल, तर १०९९-जी आला तरी नुसता फाइलला लावून ठेवावा.

आणि रिफंड हातात न घेता पुढच्या वर्षीच्या राज्याच्या करात वळता केला असेल, तरी तो मिळालाच असं धरतात. रिफंडच नको असेल, तर राज्याचा विथहोल्डिंगचा फॉर्म बदलून पगारातून कमी कापून घ्या.