लिनक्स मिंट: वापरून झाल्यावर, मुख्यतः ‘ल’बद्दल

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम आहे; तिचं अपडेट चालू असताना लाईट गेली. देवगडात पावसाळ्यात हे रोजचंच, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. नवीन बॅटरीचा भाव ऐकून मी तो कायम वायरीवरच ठेवलाय. लाईट आल्यावर एकही पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसेना. म्हटलं, गेलं, आता सगळं नव्याने टाका. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं तर त्यानेच उपाय लिहून दिला होता: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. चालवलं. अडलं होतं तिथून गाडी पुढे सुरू. एक-दोन पॅकेजं तरीही कुरकुरत होती, ती ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने गप्प झाली. एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, आधी सगळं उतरवून घेतं आणि मग बसवतं, त्यामुळे डेटा पॅक दुसऱ्यांदा जाळावा लागला नाही. इथे मिंटला पहिले पूर्ण मार्क.

तोवर मी परत विंडोजवर जायच्या बेतात होतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ११ हा लॅपटॉप घेईना, म्हणून नाइलाजाने मिंट २२ टाकलेलं. फुकट, आणि २०२९ पर्यंत अपडेट.

बेत फिरायचं कारण ‘ल’. घरची आमसुलं, लोणचं, कोकम आगळ यांची लेबलं मी लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये करतो. पहिला गठ्ठा छापला, तर काकी बरणी फिरवून म्हणाली, "हो ‘ल’ खयचो रे?" बघतो तर हिंदी पुस्तकातला दांडीवाला ल! श सुद्धा तिकडचाच. देवगडच्या लोणच्यावर हे कसं चालेल?

मग फॉन्टवर फॉन्ट उतरवले, ‘एफसी-लिस्ट’ या हुकमाने दिसणारी फॉन्टांची यादी लांबत गेली, दांडी हलेना. खरी गोम वेगळीच. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ल एकच, त्याचं वळण फॉन्ट ठरवतो. नोटो सॅन्स देवनागरी आणि लोहित देवनागरी या दोन्ही फॉन्टांच्या पोटात दोन्ही ल असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे त्यांना कळायला हवं. लिब्रेऑफिस सगळ्या देवनागरीला हिंदी धरून बसलं होतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांचा रकाना) यासमोर मराठी निवडलं. जुन्या फाइलींत सगळा मजकूर निवडून कॅरेक्टरच्या खिडकीतून भाषा पुन्हा सांगितली. दांडी गायब. एवढ्याशा गोष्टीपायी माझा डेटा खाल्ला, तो राग अजून आहे. ही खिडकी कोणी समोर का ठेवत नाही? ब्राउझरमध्ये तर दांडी अजून भेटते, कारण कितीतरी मराठी साइट आपलं पान मराठी आहे असं आत कोडमध्ये सांगतच नाहीत.

युनिकोडपूर्व फॉन्टातली जुनी लेबलं मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. जुन्या सीडीतला फॉन्ट होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकून ‘एफसी-कॅशे -एफ’ हा फॉन्टांची नोंद ताजी करणारा हुकूम दिला की दिसतात नीट, पण कॉपी केली की पुन्हा खिचडी. ती मी सरळ नव्याने टाइप करतोय.

फ्लॅटपॅक या ॲप बसवायच्या दुसऱ्या पद्धतीच्या वाटेला जात नाही. छोट्याशा ॲपमागे शेकडो एमबीचा रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा आधार, येतो. बरेचदा तेच ॲप सिस्टम पॅकेज म्हणूनही असतं, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तेवढं बघून निवडा. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.